सिप्रियनच्या ताटातलं मीठ

पेलिकन खाडी,
उपासकाळाच्या आधीचा शुक्रवार

आदरणीय थिओडोराताईंना इस्मेचा मनापासून नमस्कार, आणि दोन्ही गालांवर एकेक पापा.

तुमचे गुडघे कसे आहेत? (आधी डाव्याची चौकशी करते. सगळे उजव्याचीच करतात म्हणून डावा रुसतो, असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं.) ब्रुकलिनमधला बर्फ वितळला का, आणि त्या चार जिन्यांचं काय? डॉक्टरने तुमचं मीठ तोडलं त्याला आता वीस वर्षं झाली, तरी रक्तदाब चढतोच म्हणता, म्हणजे तो मिठाचा नसून भाच्यांचा असणार. ख्रिसमससाठी पाठवलेला काळा केक परवा पोचला. कस्टमच्या माणसाने वासावरूनच रम ओळखली आणि तपासणीपुरता म्हणून एक कोपरा खाल्ला, तो कोपरा चांगला वीतभर होता. देवाच्या दयेने इथे आम्ही ठीक आहोत. नीरफणसाला यंदा फार फळ आहे. म्हातारा बोकड गेला. तुम्ही पाठवलेला सिप्रियनच्या थडग्याचा दगड घराखाली ताडपत्रीत तसाच आहे आणि कोंबड्या त्यावर अंडी घालतात. (रागावू नका. ज्याच्या नावाचा दगड तो माणूस सापडल्याशिवाय मी दगड उभा करणार नाही, हे मी अकरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. रिकाम्या जागेवर दगडाची मेजवानी कसली घालायची?)

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर सांगितलंत की सिप्रियन पुन्हा तुमच्या स्वप्नात आला, स्वयंपाकघरात उभा होता, पायांतून पाणी गळत होतं, आणि म्हणाला, भूक लागलीय. खरं सांगू का ताई, फोन ठेवल्यावर मी बोटांवर मोजलं. समुद्रात नाहीसा झाल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत तुमचा भाऊ तुमच्याकडे सात वेळा आला. बर्फातून, चार जिने चढून, अंगात स्वेटर नसताना. टांटी मेल्डाकडे दोनदा आला. कथबर्टकडेसुद्धा एकदा येऊन गेला, ज्याच्याशी त्याचं जन्मात पटलं नाही, आणि येऊन काय, तर हातोडा परत मागितला! माझ्याकडे मात्र एकदाही नाही. मी उताणी झोपून पाहिलं, कुशीवर झोपून पाहिलं, पलंगाच्या त्याच्या बाजूला झोपून पाहिलं. पाद्रीबाबांना विचारलं तर म्हणाले, स्वप्नं ही अंधश्रद्धा आहे, आणि मग हळूच विचारलं, अजून नाहीच का आला? सगळ्या बेटाला ठाऊक आहे, इस्मे बेडोचा नवरा बायको सोडून सगळ्यांना भेटतो. हे दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवायचं? पण त्याला जेवू घाल हा तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी त्याचं, गेलेल्या माणसाचं, ताट मांडायचं ठरवलं, मंगळवारी. आणि मंगळवारीच सगळा घोटाळा झाला, त्यासाठी तर हे पत्र.

झालं असं की एका मोठ्या जहाजाने दर गुरुवारी आपल्या बेटाशी सहा तास थांबायचं कबूल केलंय, पण एका अटीवर. प्रवाशांना तोंडात नळी घालून पाण्यावर पालथं तरंगायला आणि खालचे मासे बघायला तीन उत्तम जागा हव्यात. (लोक आयुष्यभर पैसे साठवून हे करायला येतात. आपले बाप नुसते वाकून बघायचे.) या जागा निवडायचं काम बंदर समितीने माझ्यावर सोपवलं, म्हणजे मला पोहता येत नाही हे माहीत असून. तुम्हाला आठवत असेल, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला वर्षातून एकदा समुद्रस्नानाला न्यायच्या, घोट्यापर्यंतच्या खाकी झग्यात. पाणी गुडघ्याला लागलं की शिट्टी वाजायची. त्या गुडघ्यापलीकडे मी आजतागायत गेलेले नाही. पण सिप्रियनची वही माझ्याकडे आहे, आणि बेटाभोवतीचं पोवळं न् पोवळं त्या वहीत आहे, म्हणून निवड माझी.

समितीत प्रत्येकाला आपल्या परसातला समुद्र सर्वोत्तम वाटतो. कथबर्ट (तो आता समितीचा अध्यक्ष आहे, आणि होडीतसुद्धा टाय लावतो) हट्ट धरून बसला की पहिली जागा त्याच्या पाहुणेघराच्या खालचीच हवी. तिथे मी फिट्झरॉयबरोबर जाऊन तळाला काच असलेल्या बादलीतून पाहून आले. एक फुटका संडास होता आणि त्यात एक वाम मासा राहत होता. फिट्झरॉय म्हणाला, “इस्मेबाई, घ्या ही जागा. मासा आत बसलेला असतो, हमखास दिसतो.” (फिट्झरॉय सिप्रियनचा होडीवरचा जोडीदार, साठी उलटली तरी तोंड बंद नाही, चर्चमध्ये मिस्सा चालू असतानाही नाही.) शेवटी वहीतून तीन जागा काढल्या. आपल्या खाडीचा उथळ भाग, आज्यांसाठी आणि कासवांसाठी. बुडालेलं सिमेंटचं गलबत, जिथे पोपटमासे दिवसभर काहीतरी कुरतडत असतात. आणि अँस मार्थ.

अँस मार्थ मी का निवडलं असं तुम्ही विचाराल. सिप्रियनची होडी तिथेच सापडली होती, नांगर व्यवस्थित टाकलेला, डबा उघडा, माणूस नाही. एकोणीस वर्षांत मी त्या बाजूच्या रस्त्यानेही गेले नव्हते. पण वहीत त्या पानावर त्याने नुसतं ‘सुंदर’ लिहिलंय, आणि सिप्रियन बेडोने आयुष्यात सुंदर हा शब्द दोनदाच वापरला. दुसऱ्यांदा माझ्यासाठी वापरला होता, तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवला होता, मग पहिल्यावर का ठेवू नये? समितीने अँस मार्थची वेळ दुपारी एकची ठेवली, कारण जहाजावरचं जेवण साडेबाराला संपतं. फिट्झरॉय म्हणाला, आम्ही तिथे नेहमी सकाळीच जायचो. का? ते सिप्रियनला माहीत, मी कधी विचारलं नाही. बघा, चाळीस वर्षं अखंड बोलणारा माणूस, आणि विचारायचं तेवढंच राहिलं.

मंगळवारी जहाज कंपनीचा माणूस या जागा तपासायला येणार होता. हाल्व्हरसन नावाचा, बर्फाच्या देशातला, भुवयासुद्धा पांढऱ्या. त्याला दहा वाजता धक्क्यावर घ्यायचं, जागा दाखवायच्या, मग माझ्या घरी जेवण. मी पहाटे उठून आधी सिप्रियनचं ताट केलं. पुढच्या खोलीत पांढरं कापड, मेणबत्ती, मक्याच्या पिठाचा घोटलेला कुकू, भाताचे गोळे, ओल्या तुरीचे दाणे, शिजवलेला कोंबडा, रमचा पेला, पाण्याचा पेला. तेवढ्यात कथबर्टचे तीन फोन आले, बँडवाल्यांच्या टोप्या कुठे आहेत म्हणून. तशीच दार ओढून घेऊन धक्क्यावर पळाले. दहा वाजले, साडेदहा वाजले, माणूस नाही. अकराला तो टेकडीवरून चालत उतरला, रुमालाने तोंड पुसत, आणि मला वाकून म्हणाला, “मिसेस बेडो, इतक्या सकाळी इतकं सुंदर जेवण! मेणबत्तीसुद्धा!” टॅक्सीवाल्याने त्याला सरळ माझ्या घरी सोडलं होतं. टेबलावर एकच ताट, पांढरं कापड. बिचाऱ्याला वाटलं, आपलंच.

बँड थांबला. एका ड्रमवाल्याच्या हातातली काठी पाण्यात पडली, ती कुणी उचलली नाही. टांटी मेल्डा (सगळ्या गावाची मावशी, अठ्ठ्याऐंशी पूर्ण, धक्क्यावर स्वतःची खुर्ची घेऊन येते) त्याला जवळ बोलावून विचारू लागली. “बाळा, सगळं खाल्लंस?”

“सगळं, आजी.”

“कुकूचं तळाला लागलेलं पण?”

“ते तर आधी खाल्लं.”

“आणि रम?”

“मी दारू पीत नाही.”

टांटीने छातीवर क्रूस काढला आणि ती म्हणाली, “मग आज तू एकटा पोहणार नाहीस, पोरा.” त्याला वाटलं, सुरक्षेचा नियम सांगतेय. म्हणाला, उत्तम. मी एका मुलीला घरी पाठवून ताट बघायला लावलं. ताट स्वच्छ होतं आणि रमचा पेला कोरडा होता. ही बातमी आम्ही होडीत बसायच्या आत बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोचली.

पहिल्या दोन जागा छान झाल्या. तो पाण्यात जायचा, वर येऊन वहीत काहीतरी लिहायचा, कथबर्ट त्याच्या खांद्यावरून वाचायचा. बरोबर एक वाजता आम्ही अँस मार्थला पोचलो. ताई, मी तुम्हाला कसं सांगू? वारा नव्हता. पक्षी नव्हता. समुद्र शिसवी टेबलासारखा चकचकीत आणि गप्प. फिट्झरॉयने इंजिन बंद केलं आणि तोही गप्प झाला, हे त्या शांततेपेक्षा वाईट होतं. हाल्व्हरसन पाण्यात उतरला. मी बादली पाण्यावर धरून बघत होते, पण माझा चष्मा बादलीच्या काठावर आपटतो आणि चष्मा काढला तर मला माझाच हात दिसत नाही. त्याच्या पायातले पिवळे पोहायचे पंख तेवढे दिसत होते. मग त्या पिवळ्याच्या शेजारी काहीतरी तपकिरी हललं. कासव असेल. काचेवरचा डाग असेल, म्हणून मी माझ्या स्कर्टच्या काठाने काच पुसली. पुसल्यावर पिवळंही नव्हतं आणि तपकिरीही नव्हतं.

आणि तेव्हा पाणी जागं झालं. वर काही नाही, लाट नाही, फेस नाही, पण होडीखालून काहीतरी धावायला लागलं. नांगराचा दोर ताणून गुणगुणू लागला. कथबर्टची बसायची उशी पाण्यात पडली, आणि एक नमो मरिया म्हणेपर्यंत ती उशी उघड्या समुद्रात ठिपका झाली होती. (अर्धी प्रार्थना मी उशीसाठी केली, हे मला नंतर कळलं.) कथबर्ट म्हणाला, “गेला. माणूस गेला, जहाज गेलं, सगळं गेलं.” फिट्झरॉय म्हणाला, “उशी माझी होती.” मी घड्याळ बघत होते. अठरा मिनिटं. एकोणीस वर्षांपूर्वी इथे, याच पाण्यात काय झालं असेल, ते मला त्या अठरा मिनिटांत उलगडलं, कुणी न सांगता. मग फुटक्या खडकाच्या मागून, जिथे पाणी ताटातल्या पाण्यासारखं निवांत होतं, एक हात वर आला आणि हलला.

आम्ही वळसा घालून त्याला वर घेतलं. तो हसत होता. “तुमचा तो म्हातारा गाइड फार हुशार आहे,” म्हणाला. कथबर्ट लगेच, “हो, हो, आमचे सगळे गाइड प्रशिक्षित आहेत.” फिट्झरॉयने विचारलं, “कोण गाइड?” हाल्व्हरसन म्हणाला, “हॅटवाला. पाण्याखाली हॅट! त्याने मनगटावर टकटक केलं, बोट हलवून नाही म्हटलं, आणि माझ्या पुढे पोहत मला खडकामागे नेलं, एका मिनिटाचाही उशीर झाला असता तर मी वाहून गेलो असतो. आणि काय जागा आहे हो ती मागची! पोवळ्याची कमान, वरून ऊन तिरपं येतं, चर्चमध्ये येतं तसं. मी साठ बेटं पाहिली, अशी जागा पाहिली नाही.” “फक्त एक कळलं नाही,” म्हणाला. “त्याला नळी नव्हती. आणि हॅट हनुवटीखाली निळ्या रिबिनीने बांधलेली होती, शाळेतल्या मुलीसारखी. मला पाण्यातच हसू आलं.”

ताई, आता तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी कुणालाही सांगितलेली नाही. त्या शेवटच्या सकाळी त्याच्या हॅटची दोरी तुटली. दुसरं काही मिळेना, म्हणून मी माझी मेरीमातेच्या मंडळाची निळी रिबिन कापून बांधली. आशीर्वाद दिलेली रिबिन, पदकासकट मिळालेली, सिस्टर बेनेडिक्टांच्या हातून. कोळ्याच्या हॅटला बांधली हे कळलं असतं तर पाद्रीबाबांनी काय म्हटलं असतं, आणि तुम्ही काय म्हटलं असतं! तो हसत गेला. म्हणाला, आता मी पण कॉन्व्हेंटची मुलगी. ती रिबिन त्याने पाहिली, मी पाहिली आणि देवाने पाहिली.

मी माझी छत्री उघडली आणि तिच्याआड बसले. परत येताना तो बिचारा माझं मन राखायला म्हणाला, “जेवण खरंच उत्तम होतं. फक्त मीठ नव्हतं, पण ते प्रकृतीला बरं.” आणि ताई, मला डोळ्यांसमोर स्वयंपाकघराच्या खिडकीतलं मिठाचं भांडं दिसलं, झाकण घातलेलं, सकाळी ठेवलं तसंच, कथबर्टच्या फोनांच्या गडबडीत उघडायचंच राहिलेलं.

टांटी मेल्डा दरवर्षी बजावते, आपल्या माणसांच्या ताटात मीठ घालायचं नाही, मीठ असलं की त्यांना उंबरठा ओलांडता येत नाही. मी दरवर्षी मान हलवायचे आणि दरवर्षी हळूच मीठ घालायचे. कारण हा माणूस जिवंतपणी बिनमिठाचा घास गिळायचा नाही. म्हणायचा, इस्मे, हे जेवण आहे की इस्पितळ? मला वाटलं, नियम दुसऱ्यांच्या माणसांसाठी असेल, माझं माणूस चोखंदळ आहे. एकोणीस वर्षं मृतांच्या दिवशी मी त्याला आवडेल तसं रांधलं, आणि एकोणीस वर्षं मीच दारात आडवी उभी राहिले. घरातला एक पदार्थ तरी बिनमिठाचा असतो का माझ्या! आणि तुमचं मीठ डॉक्टरने तोडलेलं. टांटीचं हृदयासाठी बंद. कथबर्टची बायको विसरभोळी. म्हणून तो चार जिने चढला, ताई. प्रेम कमी होतं म्हणून नव्हे.

धक्क्यावर हाल्व्हरसनने वही उघडली. अँस मार्थ दुपारी धोक्याचं, म्हणून खोडलं. (पुढच्या गुरुवारी तिथे साठ माणसं उतरायची होती, एक वाजता. मी रोज त्यावर एक माळ म्हणते.) मग म्हणाला, खडकामागची जागा मात्र पहिल्या क्रमांकावर, सकाळच्या वेळेला. तिचं नाव काय? सगळं गाव बघत होतं. कथबर्टने स्वतःचं पेन पुढे केलं. मी म्हटलं, “अशी काही जागा नाही. तुम्हाला ऊन लागलंय.” कॉन्व्हेंट सोडल्यापासूनचं माझं पहिलं धडधडीत खोटं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने वही मिटली. आता जागा दोनच, म्हणून जहाज दर गुरुवारी नाही, महिन्यातून एकदा येणार. कथबर्ट माझ्याशी बोलत नाही. फिट्झरॉयच्या बायकोने विकायला केलेल्या चाळीस टोप्या तशाच पडल्यात, त्यातल्या सहा मी घेतल्या. टांटी मेल्डा मात्र भर धक्क्यावर म्हणाली, “बरोबर केलं. आधी बायकोने बघायचं, मग पाहुण्यांनी.”

पण तुम्ही हे सगळं मनावर घेऊ नका. दुपारचं ऊन होतं, तो माणूस गोरा, आणि मी वयाने हळवी झाले आहे.  दोन्ही गुडघ्यांना माझा नमस्कार.

तुमची
इस्मे

ता. क. : रमचा पेला मी रिकामा केला होता. धक्क्यावर जाताना फार धडधडत होतं. गावात अजून त्या पेल्याच्या कथा चालल्यात आणि टांटी तो बघायला लोक घेऊन येते, म्हणून आता सांगायची सोय राहिली नाही. तुम्हाला आणि पापनिवेदनात पाद्रीबाबांना, एवढंच. रिबिनीची गोष्ट मात्र खरी.

ता. क. : मंगळवारपासून मी अळणी जेवते आहे. अजून आलेला नाही. पण दर वेळी त्यानेच का यावं? ईस्टरनंतरच्या शनिवारी दगड उभा करू, मेजवानी घालू, तुम्ही तिकीट काढा. दगडावर ‘इथे विसावला आहे’ असं कोरलंय, त्यातलं ‘इथे’ बदलून ‘जवळच’ करता येईल का, ते पाथरवटाला विचारते. कोंबड्यांसाठी दुसरी सोय केली आहे.

ता. क. : येताना एक वस्तू आणा, कुणाला सांगू नका. चष्म्याच्या नंबरचा पोहायचा मास्क तिकडे बनवून मिळतो असं हाल्व्हरसन म्हणाला. डावा डोळा उणे साडेसहा, उजवा उणे पावणेसहा. शुक्रवारी सकाळी, म्हणजे दगडाच्या आदल्या दिवशी, पाणी निवांत असताना अँस मार्थला, त्या खडकामागे जायचं ठरलंय. काळजी करू नका, कमरेला दोर, बगलेत हवेचं कडं, दोराचं टोक फिट्झरॉयच्या हातात, आणि अंगात घोट्यापर्यंतचा झगा, तो शिवून झाला आहे. आणि ताई, अर्धा वार निळी रिबिन. मेरीमातेच्या झग्याचा निळा, फिकट नको. एकोणीस वर्षं खाऱ्या पाण्यात, ती जुनी आता विरली असेल.